तुडुमाखालचं फूल

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी चंद्रपुरातल्या माझ्या दारी पाला येणं थांबलेलं नाही. पूर्वी तो वर्तमानपत्रात गुंडाळून यायचा, आता मोबाइलवर फोटो येतो. खाली ठरलेला प्रश्न असतो: "मॅडम, ही नवीन जात आहे का?" मी चष्मा लावते, फोटो मोठा करून पाहते आणि बहुतेक वेळा उत्तर देते, "नाही, हा टाकळा आहे." समोरच्याचा असा हिरमोड होतो की पुढे काही दिवस त्याचं गुड मॉर्निंगसुद्धा येत नाही.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत जन्म गेला, आणि सुट्ट्या गेल्या जंगलात. त्यामुळे गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. चिमूरकडचे एक वैद्यबुवा लाल फडक्यात एक मुळी बांधून आले होते. ही मुळी जगातल्या कुठल्याही पुस्तकात नाही असं मी लिहून द्यावं, एवढीच त्यांची मागणी. मी म्हटलं, पान तरी दाखवा.

"पान दाखवलं तं तुमी ओळखून टाकान न बाई!" ते म्हणाले. त्यांचंही खरंच होतं. मी हसले, चहा पाजला आणि मुळीसकट त्यांना परत पाठवलं.

पोंभुर्ण्याचे एक निवृत्त वनरक्षक मात्र अजून मनातून जात नाहीत. जंगलात आत एका नाल्याकाठी त्यांना जांभळं फूल सापडलं होतं. केवढ्या निगुतीने आणलं होतं त्यांनी ते, ओल्या फडक्यात, पळसाच्या पानांच्या पुड्यात. मी पाहिलं आणि माझा चेहरा पडला. कोण्या जुन्या विश्रामगृहाच्या बागेत लावलेलं परदेशी रोप होतं ते, बाग मोडली तसं नाल्याने वाहत खाली गेलेलं. मी तसं सांगितलं. त्यांनी पुडा पुन्हा मिटला. मग म्हणाले, "मंग नाव नाई देता येत त्याले? माह्या बायकोचं नाव द्याचं होतं. मागच्या साली गेली न ते." नियम सांगत बसण्याची ती वेळ नव्हती.

नियम मात्र आहेत, आणि ते बाहेरच्या माणसाला सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढची हकिकत कळायची नाही. एखादी वनस्पती नवीन आहे म्हणजे ती काल उगवली असं नव्हे. ती तिथे हजारो वर्षं असते, गुरं तिला खातात, माणसं तुडवतात. फक्त आमच्या शास्त्रात तिला नाव नसतं. ते द्यायचं तर आधी झाड मुळासकट काढायचं, टिपकागदात घालून लाकडी प्रेसमध्ये दाबायचं, वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं. मग मोठ्या संग्रहालयांत जाऊन तिच्या सगळ्या बहिणींचे जुने वाळके नमुने काढायचे आणि एकेक अवयव ताडून पाहायचा. पाकळी, पुंकेसर, फळ, बी. कुठेच जुळलं नाही तर तिचं वर्णन लिहून छापायचं. ज्या वाळक्या झाडावरून ते वर्णन केलं, ते झाड त्या नावाचा कायमचा पुरावा म्हणून संग्रहालयात राहतं. पुराव्याशिवाय नाव नाही. थोडक्यात, ज्याचं नाव ठेवायचं त्याला आधी मारावं लागतं. विद्यार्थ्यांना हे मी दर वर्षी सांगत असे आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणे, "हे काय मॅडम!"

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून एकच नाव ठेवलं गेलं. हकिकत त्याची आहे.

नोकरीची शेवटची वर्षं होती. वैशाली माझ्याकडे पीएच.डी. करत होती. मुलगी गडचिरोलीची, वडील शाळेत शिक्षक, स्वभाव हट्टी. तिचा विषय होता जुन्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या, तलावांतल्या पाणवनस्पती. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, असे तलाव गावोगाव आहेत. पाळीखाली, म्हणजे तळ्याच्या बांधाखाली, धानाची शेतं आणि पाण्यात ढिवरांची मासेमारी, अशी दोन घरं एकाच तळ्यावर चालतात. आरमोरीच्या पलीकडे अशाच एका गावात आम्ही भाद्रपदात पोचलो. ढिवरांच्या सोसायटीचे अध्यक्ष देवाजीभाऊ आणि त्यांची बायको सिंधूबाई काठावर जाळ्यात अडकलेला चिला ओढून काढत होते. पाण्यातल्या सगळ्या गवताला तिथे चिला म्हणतात. काढलेल्या चिल्याचा ढीग पडला होता, आणि वैशाली सवयीने तो ढीग चिवडत बसली.

"बाई, मासोरी या अंगाले आहे," सिंधूबाई हसून म्हणाल्या. "तिथी कचरा आहे नुसता."

त्या कचऱ्यातून वैशालीने एक दांडी उचलली. बोटभर लांब, टोकाला दोन फाटे फुटलेली, आणि दोन्ही फाट्यांवर बारीक जांभळट फुलं दाटून बसलेली. या कुळातली एक जात आपल्या तळ्यांत नेहमी दिसते, पण तिची दांडी एकेरी असते आणि पानं पाण्यावर तरंगतात. हिची पानं सगळी पाण्याखाली, रिबिनीसारखी, कडा चुरगळलेल्या. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. या धंद्यात लवकर आनंद करू नये हे मी फार वेळा तोंडघशी पडून शिकले होते.

तळ्याच्या मधल्या भागात ती वनस्पती बरीच होती. झाड कंदासकट हवं म्हणून वैशाली कमरभर पाण्यात शिरली. आणि एका क्षणी ती दिसेनाशीच झाली. पाय खोल जागेत गेला आणि चिला पायांना गुंडाळला. मी काठावरून ओरडत राहिले, मला पोहता येत नाही. देवाजीभाऊंनी उडी घेतली, चिला तोडून तिला वर काढलं. खोकत, थरथरत ती काठावर बसली आणि मूठ उघडली तर मुठीत कंद होता. सिंधूबाईंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ घेतलं. "गवतापायी जीव देत होती का पोरी?" त्या म्हणाल्या.

नमुने वाळवले. या कुळाच्या जाणकाराला फोटो पाठवले. त्यांचा फोन आला: फुलं वेगळी दिसतात, पण फुलांवर भरवसा नाही. बी पाहिजे. बी उभं कापून आतला अंकुर कसा आहे ते पाहिल्याशिवाय ही जात नवी की जुनी हे देवही सांगू शकणार नाही. आमच्याकडे फुलं होती, पिकलेलं फळ एकही नव्हतं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहणं आलं.

पुढच्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही गेलो. पाळीवर चढलो. तळं स्वच्छ होतं. पाण्यावर एक पान नाही, काडी नाही. खाली तळाची माती दिसत होती.

देवाजीभाऊ लगबगीने आले. चेहऱ्यावर नुसता आनंद. "पाहा न बाई, तळं कसं आरशावानी झालं! आता फिरा म्हना पोरीले पाह्यजे तिथी."

त्यांनी गवत्या सोडला होता. गवत्या हा मासा पाण्यातलं गवत खाऊन वाढतो. त्याचं बीज त्या वर्षी सहज मिळत होतं, झटपट वाढतो म्हणून मागणीही होती. काही जण आधी नको म्हणत होते. पण देवाजीभाऊंनी सभेत सांगितलं की मागच्या साली मास्तराची पोरगी आपल्या तळ्यात डुबता डुबता वाचली, ते पुन्हा येणार आहे, चिला राह्यला तं एखांद्या दिवशी आपलंच लेकरू जाईल. मग सगळे कबूल झाले.

वैशाली पाळीवरच खाली बसली आणि रडू लागली.

"काऊन रडते वो पोरी? काय झालं?" देवाजीभाऊ गोंधळले. "बाई, काय चुकलं आमचं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. सांगताना माझं मलाच कसंतरी होत होतं, कारण ज्या माणसाने तिचा जीव वाचवला त्याच्यावर रागावणार कसं? शिवाय मासे वाढवणं हे त्यांचं पोट आहे, आमचं गवत त्यांच्या जाळ्यात येणारा त्रास होता. ते सगळं ऐकून घेतल्यावर डोक्याचा गमछा काढून ते नुसतेच हातात पिळत राहिले. मग म्हणाले, "कंद तं असन न खाली?" कंद असतीलही, मी म्हटलं, पण फुटलं पान की मासा खातो. कंद तरी किती वेळा फुटेल?

तो दिवस आम्ही सगळ्यांनी तळ्याचा काठ धुंडाळण्यात घालवला. गवत्या जिथे पोचला नसेल अशी जागा शोधायची होती. अशी एकच निघाली. पाळीला तुडूम असतो, म्हणजे शेताला पाणी सोडायची मोरी. तिच्या तोंडाशी मासे जाऊ नयेत म्हणून बांबूची जाळी लावतात. तुडुमाच्या खालच्या अंगाला पाणी पडून पडून खड्डा झाला होता, म्हैस बसेल एवढा. त्या गढूळ खड्ड्यात एक झाड होतं. एक दांडी, तिला दोन फाटे, आणि फाट्यांवर हिरवी फळं धरलेली. काही फळं पिकायला आली होती.

आता काय करायचं? वैशालीचं म्हणणं स्पष्ट होतं: हात लावायचा नाही. हे शेवटचं असेल तर याचं बी पाण्यात पडलं पाहिजे. मला ते पटत होतं आणि पटत नव्हतंही. बी कापलं नाही तर नाव नाही, आणि नाव नसलेल्या झाडासाठी कोणी बोट उचलत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. आम्ही दोघी खड्ड्याच्या काठावर भांडलो. चांगल्याच भांडलो. गुरू-शिष्याचं नातं वगैरे सगळं त्या चिखलात गेलं.

शेवटी देवाजीभाऊ मधे पडले. "बाई, मी सांगू? गवत्या काढाचा म्हनलं तं सभेत सांगा लागन. लोकं इचारतीन, कायले काढाचा? एका गवतासाठी? नाव काय त्या गवताचं? म्या काय सांगू त्याईले? नाव पाह्यजे बाई. बिननावाच्या चिजेसाठी कोनी आपल्या ताटातलं देत नाई."

वैशालीने वाकून दांडीवरची फळं मोजली. मग तिनेच कात्री मागितली. दोनपैकी एक फाटा तिने कापला. दुसरा राहू दिला. देवाजीभाऊंनी खड्ड्याभोवती बांबू रोवून कुंपण घातलं.

बी फार लहान असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाढीच्या ब्लेडने मी ते उभं कापलं. आतला अंकुर पाहिला. त्या कुळात आजवर वर्णन झालेल्या कुठल्याही जातीचा अंकुर तसा नव्हता. मी बाजूला झाले आणि वैशालीला पाहू दिलं. तिने पाहिलं, डोळा न काढता म्हणाली, "नवीन आहे मॅडम." तेव्हा झालेला आनंद मी नाकारत नाही. सगळी नोकरी ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. पण काचेवर पडलेल्या त्या दोन शकलांकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती, हेही खरं.

काही बिया कापायला ठेवल्या होत्या, उरलेल्या वैशालीने कॉलेजच्या टाक्यात रुजवल्या. रोपं आली, हिरवी, नाजूक. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती सडली. आमचं पाणी त्यांना मानवलं नाही.

लेख छापून येईपर्यंत मधे एक उन्हाळा गेला, आणि त्या उन्हाळ्यात तुडुमाची दुरुस्ती झाली. खालच्या शेतकऱ्यांची ती फार जुनी मागणी होती. तुडूम गळत होता, टोकाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी पोचत नव्हतं, धान वाळत होतं. देवाजीभाऊ लग्नाला बाहेरगावी गेले असताना मशीन आलं. चालकाने बांबूचं कुंपण बाजूला रचून ठेवलं, खड्डा उकरला आणि तिथे सिमेंटची पक्की मोरी केली. काम चांगलं झालं आहे. मी स्वतः पाहिलं, आता पाणी शेवटच्या बांधीपर्यंत जातं. कोणाला दोष देणार? मी दोष द्यायला माणूस शोधला, पण सापडला नाही.

पावसाळ्यात लेख छापून आला. नाव आम्ही झाडीपट्टीवरून ठेवलं. देवाजीभाऊंनी छापील पानं सभेत नेली, त्यातलं झाडाचं चित्र सगळ्यांना दाखवलं आणि वैशालीने शिकवलेलं लॅटिन नाव न अडखळता म्हणून दाखवलं. लोकांनी गवत्या काढायचं कबूल केलं. मासे अजून पुरते वाढले नव्हते, ठेवले असते तर चांगले भरले असते. तरी काढले. सिंधूबाई म्हणाल्या, "आपल्या झाडीचं नाव आहे बाई त्याले. आता ते आपलंच झालं."

पहिल्या वर्षी चिला परत आला. कमळं आली, पाणपक्षी आले. आमचं झाड आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. आम्ही आजूबाजूची तळी पाहिली, वैनगंगेच्या पलीकडची पाहिली. वैशाली तोवर एका कॉलेजात शिकवायला लागली होती, ती सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन हिंडायची. धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीसाठी तिच्याकडे विचारणा झाली होती: ही जात आज आहे की नाही? आमच्या शास्त्रात "नष्ट" हा शब्द सहज लिहीत नाहीत. योग्य ऋतूत, योग्य जागी, पुन्हा पुन्हा शोधल्यावरच लिहितात.

मागच्या भाद्रपदात आम्ही शेवटचं शोधायला गेलो. या वेळी सगळं गाव पाण्यात उतरलं. बाया, माणसं, म्हातारे, एका रांगेत, हाताला हात लागेल असे, पाळीकडून पलीकडच्या काठाकडे निघाले. ढिवर माणूस पायाने पाहतो. तळाशी कमळाची मुळी आहे की शिंगाडा की नुसता चिखल, हे त्याच्या पावलाला कळतं. कंद कसा लागेल ते वैशालीने जुन्या वाळक्या कंदाला हात लावू देऊन सांगितलं होतं. ती स्वतः रांगेच्या मधे होती, सिंधूबाईंनी तिचा दंड धरून ठेवला होता. मी काठावर. कोणी थांबलं, वाकलं, की मी पाण्याकडे एक पाऊल टाके. मग ते माणूस सरळ होई आणि मान हलवून पुढे चालू लागे.

रांग पलीकडे पोचली. सगळे काठावर चढले, लुगडी-धोतरं पिळू लागले. मी पाळीवरून चालत तिथवर गेले.

देवाजीभाऊ माझ्याकडे आले. "बाई, एक इचारू? गवत्याचं बीज आलं आहे. लोकं म्हनून राह्यले, या साली सोडू. पोट आहे न बाई. तुमी नाई म्हना तं नाई सोडत."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्या एका गवतासाठी या घरांनी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. 'अजून एक वर्ष थांबा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी वैशालीकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली.

"सोडा भाऊ," मी म्हणाले. "ते आता नाही राहिलं."

"नाई राह्यलं म्हंजे?"

"गेलं."

त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. मग रांगेतल्या लोकांकडे वळून साध्या आवाजात म्हणाले, "आज जाळे टाकू नोका रे."

गावात कोणी गेलं की ढिवर त्या दिवशी तळ्यात जाळं टाकत नाहीत. वैशालीला ते माहीत होतं, मला नव्हतं. तिने माझ्या कानात सांगितलं आणि मग मला रडू आवरलं नाही. जाळी का टाकायची नाहीत, असं कोणी विचारलं नाही. माणसं घराकडे निघाली. डोंगे काठाला ओढून उलटे केले, जाळी बांबूंवर होती तशीच राहिली.

त्या दिवशी त्या वस्तीत कोणाच्याही चुलीवर मासोरी शिजली नाही. सिंधूबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. लाखोरीचं वरण आणि भात होता. आम्ही सगळे अंगणात बसून जेवलो.